क्लासिक रॉक की आजचं संगीत? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ज्यांचे कान लेड झेपलिन, पिंक फ्लॉइड, फ्लीटवुड मॅक यांच्यावर तयार झाले आणि ज्यांना आता नवंही काही ऐकायचं आहे, त्यांच्याकडून सतत येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. कोणतंही उत्तर सुटं वाचता येईल. एखादा मुद्दा दुसरीकडे सविस्तर आला असेल तर तिथला प्रश्नक्रमांक दिला आहे.

१. क्लासिक रॉक म्हणजे नेमकं कोणत्या काळातलं संगीत?

हे नाव संगीतकारांनी नव्हे, रेडिओने दिलं. १९७०च्या दशकात अमेरिकेतली काही एफएम केंद्रं सुट्या हिट गाण्यांऐवजी अल्बममधलं रॉक वाजवायची. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांतल्या काहींनी नवं संगीत जवळजवळ बंद केलं, मागच्या पंधरा-वीस वर्षांतली निवडक गाणीच लावायला सुरुवात केली आणि या प्रकाराला 'क्लासिक रॉक' म्हणू लागली. त्यामुळे याची काटेकोर व्याख्या नाही. ढोबळमानाने १९६४ च्या आसपास सुरुवात आणि १९८०च्या दशकाअखेर शेवट असं धरतात. ही सीमा पुढे सरकतही राहते. निर्वाणा या बँडचा 'नेव्हरमाइंड' १९९१ चा, पण आज तोही या केंद्रांवर वाजतो. रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम या रॉक कलाकारांच्या सन्मान-यादीत निवडीसाठी पात्र ठरायला पहिल्या ध्वनिमुद्रणानंतर २५ वर्षं जावी लागतात, त्यावरून या सरकत्या सीमेचा अंदाज येईल.

२. पन्नास वर्षांपूर्वीची ही गाणी अजून का टिकून आहेत?

कारण त्या काळात चार-पाच गोष्टी एकाच वेळी जुळून आल्या.

पहिली म्हणजे, स्टुडिओत पाऊल टाकण्याआधी गाणी हाताखालून भरपूर गेलेली असायची. बीटल्स १९६० पासून हॅम्बुर्गच्या क्लबांमध्ये रात्रीमागून रात्री तासन्तास वाजवत होते. म्हणूनच त्यांच्या पहिल्या अल्बममधल्या १४ पैकी १० गाण्यांचं ध्वनिमुद्रण ११ फेब्रुवारी १९६३ या एका दिवसात उरकलं. पिंक फ्लॉइडचा 'द डार्क साइड ऑफ द मून' मार्च १९७३ मध्ये आला, पण त्यातली गाणी १९७२ च्या सुरुवातीपासून ते प्रेक्षकांसमोर वाजवत होते. कुठे लांबण लागते आणि कुठे श्रोते खुर्चीत सरसावून बसतात, हे त्यांना आधीच कळलं होतं.

दुसरी गोष्ट वेळ. 'द डार्क साइड' हा पिंक फ्लॉइडचा आठवा स्टुडिओ अल्बम. फ्लीटवुड मॅकचा 'रूमर्स' (१९७७) अकरावा. ब्रूस स्प्रिंगस्टीनला 'बॉर्न टू रन'ने (१९७५) मोठं केलं, तो तिसरा. पहिला अल्बम फारसा खपला नाही म्हणून बँड वाऱ्यावर सोडला असता तर यांतलं काहीच घडलं नसतं. आमच्या मते सगळ्यात मोठं कारण हेच आहे, आणि त्याची चर्चा मात्र सगळ्यात कमी होते.

तिसरी, खोलीचा आवाज. झेपलिनच्या 'व्हेन द लेव्ही ब्रेक्स'साठी (१९७१) जॉन बॉनमचे ड्रम्स हेडली ग्रेंज नावाच्या जुन्या घरात, जिन्याच्या तळाशी मांडले होते आणि वर जिन्यात दोन मायक्रोफोन टांगले होते. तुमच्या कानावर येतो तो त्या घरातल्या भिंतींवरून परतलेला ठोका.

चौथी, एलपीची मर्यादा. १२ इंची तबकडीच्या एका बाजूला साधारण २२ मिनिटं मावायची. दोन बाजू मिळून ४० मिनिटं, म्हणजे आठ-दहा गाणी. भरताड गाण्यांना जागा कमी, आणि दोन्ही बाजूंची सुरुवात-शेवट विचारपूर्वक ठरवावे लागायचे.

पाचवी गोष्ट संगीताबाहेरची आहे: पुनरावृत्ती. मोजकी रेडिओ केंद्रं तीच गाणी वर्षानुवर्षं वाजवत राहिली. 'द डार्क साइड' १९७३ ते १९८८ या काळात बिलबोर्ड या अमेरिकी संगीत-नियतकालिकाच्या लोकप्रिय अल्बमांच्या यादीत ७४१ आठवडे होता. इतक्या वेळा कानावर पडलेली गोष्ट मनात मुरतेच. नव्या गाण्यांना ही संधी आपण सहसा देत नाही (प्रश्न १० पाहा).

३. म्हणजे तेव्हाचं सगळंच चांगलं होतं का?

अजिबात नाही. १९६९ हे वर्ष घ्या. लेड झेपलिनचे पहिले दोन अल्बम, बीटल्सचा 'ॲबी रोड', किंग क्रिमझनचा पहिला अल्बम आणि वुडस्टॉक हा संगीत महोत्सव, सगळं त्याच वर्षातलं. पण बिलबोर्डच्या वार्षिक यादीत पहिलं कोण आलं? 'शुगर, शुगर'. गाणारा बँड 'द आर्चीज', म्हणजे कार्टून मालिकेतली पात्रं. गाणं गोड आहे, पण त्या वर्षाची आठवण म्हणून आज ते कुणी सांगत नाही.

पन्नास वर्षांच्या चाळणीतून उरलेलं धान्य एका बाजूला आणि आजच सकाळी मळ्यातून आलेलं, माती-काड्यांसकट पोतं दुसऱ्या बाजूला, अशी तुलना आपण करत असतो. जुनं ते सोनं हे खरंच आहे, कारण जे सोनं नव्हतं ते आता कुणी वाजवत नाही. आजच्या संगीताची चाळणी मात्र आपल्यालाच हातात घ्यावी लागते. त्याची रीत प्रश्न ८ मध्ये.

४. आजची गाणी मला सारखीच वाटतात. हा माझ्या वयाचा दोष की गाण्यांचा?

थोडा याचा, थोडा त्याचा.

गाण्यांच्या बाजूचा पुरावा आहे. 'सायंटिफिक रिपोर्ट्स' या नियतकालिकात २०१२ मध्ये आलेल्या अभ्यासात १९५५ ते २०१० या काळातल्या पाश्चात्त्य लोकप्रिय ध्वनिमुद्रणांच्या मोठ्या संचाचं विश्लेषण होतं. त्यात ध्वनीच्या पोतातलं वैविध्य कमी होत गेलेलं आणि सरासरी आवाज वाढत गेलेला दिसला. त्यामागे साधनांचा हात आहे. संगणकावर ध्वनिमुद्रण आणि काटछाट करणारं प्रो टूल्स १९९१ मध्ये आलं, बेसूर गळा सुरात आणणारं ऑटो-ट्यून १९९७ मध्ये. तेव्हापासून प्रत्येक ठोका संगणकाच्या पडद्यावरच्या समान अंतराच्या जाळीवर ओढून बसवणं आणि प्रत्येक स्वर जागेवर आणणं सोपं झालं. रोलिंग स्टोन्सचं 'हॉन्की टॉन्क विमेन' (१९६९) ऐका. शेवटाकडे लय सुरुवातीपेक्षा स्पष्ट चढलेली आहे. माणसं एकमेकांकडे बघून वाजवतात तेव्हा असं होतं, आणि गाण्यात जान येते ती बऱ्याचदा यातूनच. जाळीवर बसवलेल्या गाण्यात ही हालचाल नसते.

आता आपली बाजू. आयुष्याकडे मागे वळून पाहताना माणसाला साधारण दहा ते तीस या वयातल्या आठवणी जास्त येतात, हे मानसशास्त्रात नीट नोंदलेलं आहे, आणि त्या वयातलं संगीत त्या आठवणींना चिकटून येतं. सतराव्या वर्षी ऐकलेल्या गाण्याला पहिली मैत्री, पहिलं घराबाहेर राहणं असं सगळं जोडलेलं असतं. पंचेचाळिसाव्या वर्षी प्रवासात अर्धवट ऐकलेल्या गाण्याला काहीच जोडलेलं नसतं.

एक लक्षात घ्या: तो अभ्यास लोकप्रिय ध्वनिमुद्रणांच्या सरासरीबद्दल बोलतो. तुम्हाला सरासरी ऐकायची नाही, वर्षाकाठी वीस चांगले अल्बम ऐकायचे आहेत. तेवढे दरवर्षी निघतात.

५. नवे रॉक अल्बम ऐकताना अर्ध्या तासात कान थकतात. असं का?

कारण ते ठासून भरलेले असतात. १९९०च्या दशकापासून प्रत्येक गाणं शेजारच्या गाण्यापेक्षा मोठं वाटावं म्हणून मास्टरिंग (अल्बम बाजारात जाण्याआधी आवाजावरचा शेवटचा हात) करताना सगळ्यात उंच शिखरं दाबायची आणि मग पूर्ण गाण्याचा आवाज वर उचलायचा, ही पद्धत वाढली. हळू आणि जोरदार यांतलं अंतर त्यामुळे मिटतं. ड्रमचा ठोका उठून दिसत नाही, कानाला विसावा मिळत नाही. याचं गाजलेलं उदाहरण मेटालिकाचा 'डेथ मॅग्नेटिक' (२००८). त्याच गाण्यांची 'गिटार हीरो' या खेळासाठी दिलेली आवृत्ती कमी दाबलेली होती, आणि चाहत्यांना दोन्ही शेजारी ठेवून फरक ऐकता आला.

उपाय करता येतो. ॲपच्या सेटिंगमध्ये आवाज समान करण्याचा पर्याय असतो, त्याला बहुधा 'नॉर्मलायझेशन' किंवा 'साउंड चेक' म्हणतात. तो चालू करा. स्पॉटिफायवर 'नॉर्मल' पातळी निवडली की सगळी गाणी सुमारे उणे १४ एलयूएफएस (कानाला जाणवणारा आवाज मोजायचं एकक) या एकाच पातळीवर येतात. जुन्या आणि नव्याची तुलना याआधी करूच नका. दोन गाण्यांतलं जे थोडं मोठं वाजतं तेच कानाला चांगलं वाटतं, त्यामुळे निकाल आधीच बिघडलेला असतो.

हा पर्याय आवाज खाली आणतो, दाबलेली शिखरं परत आणू शकत नाही, हेही माहीत असू द्या. एखादा नवा अल्बम आवडूनही थकवत असेल तर त्याची विनाइलसाठी, म्हणजे एलपीसाठी, वेगळी मास्टर केलेली आवृत्ती आहे का ते पाहा, किंवा त्याच गाण्यांचं थेट मैफलीतलं ध्वनिमुद्रण ऐका.

६. एकाच जुन्या अल्बमच्या पाच आवृत्त्या दिसतात. रीमास्टर घेऊ, रीमिक्स घेऊ की मूळ?

आधी दोन्हींतला फरक. रीमास्टरमध्ये वाद्यं आणि गळा एकत्र करून आधीच तयार झालेल्या मिश्रणाचाच आवाज, खर्ज, चकाकी नव्याने जुळवतात. रीमिक्समध्ये मागे जाऊन गिटार, ड्रम्स, गळा असे सुटे ट्रॅक घेऊन मिश्रणच नव्याने करतात. त्यात वाद्यांच्या जागा बदलू शकतात.

१९९५ ते २०१० च्या दरम्यानच्या रीमास्टरांकडे जरा सावधपणे पाहा. प्रश्न ५ मधला रोग यांतल्या बऱ्याच आवृत्त्यांना लागला आहे. १९८०च्या दशकातल्या पहिल्या सीडी कधी पातळ वाटतात, पण हळू-जोराचं अंतर त्यांत बहुधा शाबूत असतं. रीमिक्सपैकी स्टीव्हन विल्सनने केलेली किंग क्रिमझन, येस आणि जेथ्रो टलची कामं निर्धास्त ऐकावीत. मूळ मिश्रणाचा मान राखून त्याने वाद्यं मोकळी केली आहेत. बीटल्सच्या 'रिव्हॉल्व्हर'चं २०२२ चं रीमिक्स हा वेगळाच प्रकार. मूळ टेपवर एकाच ट्रॅकमध्ये मिसळलेली वाद्यं संगणकाने सुटी केली आणि मग नव्याने मांडली.

एखादा अल्बम आयुष्यात पहिल्यांदा ऐकत असाल तर मूळ मिश्रणापासून सुरुवात करा. बाकीच्या आवृत्त्यांची मजा तुलनेतच आहे.

७. हेडफोनवर जुन्या गाण्यात गळा एका कानात आणि ड्रम्स दुसऱ्या कानात येतात. हेडफोन बिघडला का?

हेडफोन ठीक आहे. १९६०च्या दशकात बहुतेक लोक मोनो, म्हणजे डाव्या-उजव्याचा भेद नसलेला एकच आवाज, ऐकायचे आणि खरी मेहनत मोनो मिश्रणावर व्हायची. डावा-उजवा वेगळा असलेलं स्टिरिओ मिश्रण घाईत उरकलं जाई, आणि चार ट्रॅकच्या टेपवर पर्यायही कमी असत, म्हणून वाद्यं सरळ डाव्या-उजव्या टोकाला ढकलली जात. १९६८ पर्यंतच्या बीटल्सबाबत तर मोनो मिश्रणच मुख्य होतं. मिळाली तर मोनो आवृत्ती ऐका, नाहीतर स्पीकरवर ऐका. खोलीत दोन्ही बाजू आपोआप मिसळतात. तेही जमत नसेल तर फोनच्या 'ॲक्सेसिबिलिटी' विभागात 'मोनो ऑडिओ' नावाचं बटण असतं, ते तेवढ्यापुरतं चालू करा. नंतर बंद करायला विसरू नका, नाहीतर पुढचे सगळे अल्बम सपाट वाटतील.

८. नवं चांगलं संगीत शोधायला सुरुवात कुठून करू?

लोकप्रियतेच्या यादीपासून करू नका, आणि "२०२० नंतरचं सर्वोत्तम रॉक" असं शोधून आलेल्या दोनशे गाण्यांच्या प्लेलिस्टपासूनही नको. सुटी गाणी कानावरून वाहून जातात. अल्बम हेच एकक ठेवा. क्रम असा:

१. तुमच्या आवडीत नेमकं काय आहे ते एका वाक्यात लिहा. बँडचं नाव नको, गुण लिहा: "दोन गिटारींचं संभाषण", "हळूहळू चढत जाणारी दहा मिनिटं", "तीन गळ्यांचा मेळ". पुढचं सगळं यावर अवलंबून आहे, त्यामुळे ही पायरी ओलांडू नका.

२. थेट वादन पाहा. सिएटलच्या केईएक्सपी रेडिओचे स्टुडिओ सेशन आणि २००८ पासून चाललेली एनपीआर या अमेरिकी सार्वजनिक रेडिओची 'टायनी डेस्क' मालिका यूट्यूबवर आहेत. वीस-तीस मिनिटांत बँडला वाजवता येतं की नाही ते समजतं. जुनं रॉक ऐकलेल्या माणसाला नवा बँड पटतो तो बहुधा इथेच.

३. आवडलेल्या अल्बमचे श्रेय तपासा. निर्माता कोण, कंपनी कोणती? ॲपमध्ये गाण्याशेजारच्या तीन टिंबांत 'क्रेडिट्स' असतं. उदाहरणार्थ, फॉन्टेन्स डी.सी.चा 'डॉग्रेल' आवडला तर निर्माता डॅन केरी दिसेल. तिथून ब्लॅक मिडी, वेट लेग आणि स्क्विडपर्यंत पोचता येतं, कारण त्यांच्याबरोबरही त्याने काम केलं आहे. जुन्या काळी अल्बमच्या मागच्या बाजूची बारीक अक्षरं वाचायचो, तेच हे.

४. बँडकॅम्प या कलाकारांकडून थेट अल्बम विकत घ्यायच्या संकेतस्थळावर अल्बमच्या पानावर तो विकत घेणाऱ्यांची छोटी चित्रं दिसतात. त्यांवर टिचकी मारली की त्या माणसाचा सगळा संग्रह उघडतो. तुमच्याशी चार-पाच अल्बम जुळणारा एक अनोळखी श्रोता सापडला की महिनाभराची सोय होते.

५. वर्षअखेरीच्या तीन वेगवेगळ्या याद्या घ्या आणि किमान दोन याद्यांत आलेले अल्बमच निवडा.

आठवड्याला एक अल्बम पुरे. जास्त घेतले तर एकही मुरत नाही. दहांतले दोन मनापासून आवडले तरी पद्धत नीट चालली आहे असं समजा.

९. मला अमुक जुना बँड आवडतो. त्याच्या वाटेवरचं आज काय ऐकू?

नक्कल सुचवत नाही, गुण जुळवतो (नकलेबद्दल प्रश्न १२).

स्प्रिंगस्टीन, टॉम पेटी, डायर स्ट्रेट्स यांचा लांबचा मोकळा रस्ता आवडत असेल तर द वॉर ऑन ड्रग्जचा 'लॉस्ट इन द ड्रीम' (२०१४). रात्री, सलग, मधे न थांबता ऐका. नील यंगची ओबडधोबड गिटार आवडत असेल तर बिग थीफचा 'टू हँड्स' (२०१९). क्रॉस्बी, स्टिल्स अँड नॅश यांच्यासारखा गळ्यांचा मेळ हवा असेल तर फ्लीट फॉक्सेसचा त्याच नावाचा पहिला अल्बम (२००८), मग तीन गायिकांच्या बॉयजीनियस या बँडचा 'द रेकॉर्ड' (२०२३). या तिघींनी २०१८ च्या त्यांच्या छोट्या अल्बमचं मुखपृष्ठच क्रॉस्बी, स्टिल्स अँड नॅशच्या १९६९ च्या मुखपृष्ठावर बेतलं होतं.

हेंड्रिक्सच्या चाहत्यांनी नायजरच्या एम्दू मोक्तारचा 'आफ्रिक व्हिक्टिम' (२०२१) ऐकायलाच हवा. तोही डावखुरा. पण स्वरांची वळणं सहारातल्या तुआरेग लोकांची आहेत, आणि गिटारचा सोलो कुठे नेऊन ठेवेल याचा अंदाज बांधता येत नाही. किंग क्रिमझन आणि येसच्या गुंतागुंतीची सवय असेल तर ब्लॅक मिडीचा 'हेलफायर' (२०२२). ब्लॅक सॅबथसाठी मॅस्टोडॉनचा 'क्रॅक द स्काय' (२००९). क्लॅशसाठी फॉन्टेन्स डी.सी.चा 'डॉग्रेल' (२०१९) आणि आयडल्स. पिंक फ्लॉइडच्या तरंगत्या बाजूसाठी टेम इम्पालाचा 'लोनरिझम' (२०१२). जुन्या सोलचं वेड असेल तर मायकेल किवानुकाचा 'किवानुका' (२०१९), ज्याला २०२० चा मर्क्युरी हा ब्रिटनमधला अल्बम-पुरस्कार मिळाला.

किंग गिझर्ड अँड द लिझर्ड विझर्ड या मेलबर्नच्या बँडबद्दल स्वतंत्र सूचना. त्यांनी २०१७ मध्ये एका वर्षात पाच अल्बम काढले आणि २०२२ मध्ये पुन्हा पाच. कुठून सुरुवात करायची हे कळत नाही म्हणून लोक सोडून देतात. 'नॉनॅगॉन इन्फिनिटी'पासून (२०१६) करा. शेवटचं गाणं पुन्हा पहिल्याला जाऊन मिळतं.

१०. नवा अल्बम किती वेळा ऐकल्यावर मत बनवावं?

तीन वेळा, तेही वेगवेगळ्या दिवशी. पहिल्यांदा चालताना किंवा घरकाम करताना, फार लक्ष न देता. दुसऱ्यांदा बसून, शब्द समोर ठेवून. तिसऱ्यांदा मधे चार-पाच दिवस जाऊ देऊन. तिसऱ्या वेळी एखादी जागा येण्याआधीच तुम्ही तिची वाट पाहू लागलात, तर अल्बम लागला असं समजा. एकाही जागेची वाट पाहिली नाही तर निःसंकोच सोडा.

यामागचं कारण साधं आहे. एखादी गोष्ट नुसती वारंवार समोर आली तरी ती जास्त आवडू लागते, हे रॉबर्ट झायन्स या मानसशास्त्रज्ञाने १९६८ मध्ये दाखवलं. जुनी गाणी आपण शेकडो वेळा ऐकली आहेत. नव्याला एकदाच ऐकून "पूर्वीसारखं नाही" म्हणणं हा अन्याय आहे.

दोन तांत्रिक गोष्टी: 'शफल' बंद ठेवा, आणि गाण्यांची टोकं एकमेकांत मिसळणारा 'क्रॉसफेड'सुद्धा बंद करा. 'ॲबी रोड'च्या दुसऱ्या बाजूवरची गाण्यांची साखळी असो की आजचा एखादा सलग अल्बम, दोन गाण्यांमधली जागाही कुणीतरी ठरवलेली असते.

११. ॲप मला तीच तीच जुनी गाणी पुढे करतं. काय करू?

तुम्ही जे ऐकता तेच ते परत देतं. हा दोष सवयीने सुधारतो. स्पॉटिफायवरच्या पायऱ्या सांगतो, बाकीच्या ॲपवर नावं वेगळी असतील.

तुमच्या जुन्या गाण्यांच्या प्लेलिस्टवर तीन टिंबं दाबून ती 'टेस्ट प्रोफाइल'मधून (ॲपने बांधलेल्या तुमच्या आवडीच्या नोंदीतून) वगळा. जुने अल्बम ऐकायचे तेव्हा 'प्रायव्हेट सेशन' चालू करा. 'ऑटोप्ले' आणि 'स्मार्ट शफल' बंद ठेवा, म्हणजे अल्बम संपल्यावर शांतता होईल आणि पुढचं तुम्ही ठरवाल. दर सोमवारी येणाऱ्या ३० गाण्यांच्या 'डिस्कव्हर वीकली'तलं एखादं गाणं आवडलं तर तिथेच न थांबता त्याचा पूर्ण अल्बम उघडा. नको ते गाणं लगेच बदला: ३० सेकंद झाल्यावर ते ऐकलं म्हणून मोजलं जातं. पाच-सहा आठवडे नेटाने असं केलंत की सुचवण्या बदलू लागतात. घरातल्या लहान मुलांची गाणी त्याच खात्यावर वाजत असतील तर मात्र काही उपयोग नाही, त्यांच्यासाठी वेगळं खातं ठेवा.

१२. हुबेहूब जुन्यासारखे वाजवणारे नवे बँड ऐकावेत का?

ऐकावेत, पण तिथेच मुक्काम करू नये. ग्रेटा व्हॅन फ्लीटला लेड झेपलिनची नक्कल म्हणून खूप टीका सोसावी लागली, तरी २०१९ मध्ये सर्वोत्तम रॉक अल्बमचं ग्रॅमी मिळालं. नव्या वादकांची सवय व्हायला असा बँड पहिली पायरी म्हणून चांगला आहे. अडचण इतकीच की हुबेहूब साम्य असलं की कान सतत मूळ गाण्याशी तुलना करत राहतो आणि मूळ दर वेळी जिंकतं. झेपलिनने स्वतः ब्लूजमधून उचललेलं होतं, पण ते वाकवून भलतीकडेच नेलं. आजच्या बँडमध्ये हे वाकवणं शोधा.

१३. रॉक संपलं असं म्हणतात, ते खरं का?

लोकप्रियतेच्या मध्यावरून ते सरकलं आहे, एवढं खरं. जाझचंही असंच झालं होतं आणि जाझ आजही जोमात आहे.

१४. जुन्या कलाकारांचे अलीकडचे अल्बम ऐकण्यासारखे असतात का?

नावाला भुलून प्रत्येक ऐकू नका, पण डेव्हिड बोवीचा 'ब्लॅकस्टार' चुकवू नका. ८ जानेवारी २०१६ ला, त्याच्या ६९व्या वाढदिवशी तो आला आणि दोन दिवसांनी बोवी गेला. त्यात त्याने जाझ वादक सोबत घेतले आणि जुन्या यशाकडे वळूनही पाहिलं नाही. नव्या संगीताची भीती वाटणाऱ्याला हा अल्बम चांगला पूल आहे.

१५. माझी मुलगी पंधरा वर्षांची आहे आणि फक्त जुनं रॉक ऐकते. हे कसं?

तिच्यासाठी ते जुनं नाहीच. ॲपवर १९७७ आणि आज शेजारी शेजारी असतात. फ्लीटवुड मॅकचं 'ड्रीम्स' २०२० मध्ये टिकटॉकवरच्या एका व्हिडिओमुळे पुन्हा याद्यांमध्ये आलं. केट बुशचं १९८५ चं 'रनिंग अप दॅट हिल' एका मालिकेत वापरल्यावर जून २०२२ मध्ये ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर पोचलं. तिच्याकडून तुम्हालाही काही मिळवता येईल: जुन्याच्या जोडीला ती कोणते नवे बँड ऐकते ते विचारा. या वयाची मुलं दोन्हींत भेद करत नाहीत, त्यामुळे त्यांच्या सुचवण्या प्रश्न ११ मधल्या यंत्रापेक्षा सरस असतात.

१६. ॲपवर माझ्या आवडीचं जुनं गाणं लावलं, पण ते "ते" वाटत नाही. कधी अख्खा बँडच गायब असतो. का?

बहुधा ती नंतर पुन्हा गायलेली आवृत्ती असते. मूळ ध्वनिमुद्रणाचे हक्क कंपनीकडे असल्यामुळे अनेक कलाकार स्वतःची गाणी पुन्हा मुद्रित करतात. डेफ लेपर्डने २०१२ मध्ये 'पोर सम शुगर ऑन मी' असंच नव्याने केलं, आणि ते मुद्दाम मूळ गाण्याच्या शक्य तितकं जवळ नेलं. सगळे इतकी काळजी घेत नाहीत. कधी मूळ बँडमधला एकच जण उरलेला असतो. ओळखायच्या खुणा: गाण्याच्या नावापुढे 'री-रेकॉर्डेड' शब्द, अपरिचित कंपनीचं नाव, किंवा "सर्वोत्तम गाणी" छापाच्या संग्रहात एका गाण्याची लांबी मूळ अल्बमपेक्षा दहा-पंधरा सेकंदांनी वेगळी. नेहमी मूळ अल्बमच्या पानावरून गाणं लावा.

गायब बँडचं कारण वेगळं. बीटल्स डिसेंबर २०१५ पर्यंत अशा ॲप्सवर नव्हते, टूल हा बँड ऑगस्ट २०१९ पर्यंत नव्हता. नील यंगने जानेवारी २०२२ मध्ये स्पॉटिफायवरून आपली गाणी काढून घेतली आणि २०२४ मध्ये परत आणली. किंग गिझर्डने जुलै २०२५ मध्ये स्पॉटिफाय सोडलं. एका ॲपवर नाव दिसलं नाही तर बँडकॅम्प किंवा दुसरं ॲप पाहा, आणि जे अल्बम जिवाभावाचे आहेत त्यांची स्वतःची प्रत ठेवा.

१७. सत्तरच्या दशकाच्या ढंगाचा एक नवा बँड सापडला, पण त्याच्याबद्दल काहीच माहिती मिळत नाही. तो खरा आहे की एआयने बनवलेला?

ही शंका आता रास्त आहे. 'द व्हेल्व्हेट सनडाउन' नावाच्या अशाच ढंगाच्या बँडला २०२५ मध्ये स्पॉटिफायवर महिन्याला दहा लाखांहून जास्त श्रोते मिळाले, आणि मग त्याच्याच पानावर एआयच्या मदतीने केलेला प्रकल्प असल्याचं लिहिलं गेलं. त्याआधी डीझर या ॲपने त्याच्यावर तशी खूण केली होती, कारण ते ॲप असं संगीत ओळखून श्रोत्यांना सांगतं. म्हणून पहिली तपासणी तिथे करा.

नंतर श्रेय पाहा: कोणतं वाद्य कुणी वाजवलं, ध्वनिमुद्रण कोणत्या स्टुडिओत झालं, अभियंता कोण. ही सगळी जागा रिकामी असेल तर संशय धरा. छायाचित्रांत गिटारच्या तारा आणि बोटं मोजा. काही आठवड्यांत दोन-तीन अल्बम आले ही खूण एकटी पुरत नाही. किंग गिझर्डने वर्षात पाच काढले आणि ते जगभर दौरे करतात. सगळ्यात भरवशाची तपासणी म्हणजे प्रेक्षकांपैकी कुणी फोनवर घेतलेलं मैफलीचं चित्रण, तेही वेगवेगळ्या तारखांचं. एकच गाणं दोन रात्री वेगळ्या लयीत गेलेलं, सोलो एकदा लांबलेला, एकदा आवरता घेतलेला सापडला, तर तो बँड बिनधास्त तुमच्या आठवड्याच्या अल्बमांत घ्या.